बयाबाईचा दगडू

आंबेखिंड, ता. शिराळा
२२ फेब्रुवारी १९७४

चिरंजीव बाळासो यास आबाचा आशीर्वाद.

हे पत्र मी माझ्या हातानं लिहितो आहे. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. इतकी वर्षं मास्तराकडून लिहून घेत होतो, पण मास्तर लिहिता लिहिता हसतो आणि मग आपल्या घरातलं बोलणं मला चावडीवर ऐकू येतं. माझी चौथीपर्यंत शाळा झाली आहे. तेवढी पुरे.

तुला मुलगा झाला. जतहून तुझ्या सासऱ्याचं, आकारामाचं कार्ड आलं. ‘शालू बाळंत झाली, मुलगा आहे, दोघं खुशाल आहेत.’ एवढंच. मी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. कुणावर गेला, रंग कसा, रडला का, काही नाही. तुला माझ्या आधी कळवलं असणार.

आता मला सांग, मुलगा झाला की माहेरचं माणूस साखर घेऊन सासरच्या दारात येतं की नाही? कार्डावर कोण भागवतं? आणि दुसरी गोष्ट. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मलाही ठाऊक आहे. पण हे तिसरं. तिसऱ्याला जत कशाला? तिथं प्यायच्या पाण्याची मारामार, इथं पाटाचं पाणी दारातून वाहतं. मी विचारलं असतं, पण विचारणार कुणाला? गेल्या आषाढात तू रजा अर्धी टाकून निघालास, शालूला जतला पोचवलंस आणि तिथूनच पलटणीत गेलास. जाताना माझ्या पाया पडला नाहीस. का ते सांगितलं नाहीस. आता तुझी पत्रं तुझ्या आईच्या नावानं येतात आणि त्यांत मी नसतो.

आधीच्या दोन पोरांबद्दल मी काही लिहीत नाही. तू जाणतोस.

मी जतला निघालो होतो. तुझ्या आईनं वाट अडवली. म्हणाली, “पाचवी तरी हू द्या. बाळंतिणीच्या दारात पुरुष मानूस कशाला?” पाचवी होऊन गेली. सटवाईपुढं कोरा कागद ठेवला का, दिवा विझू दिला नाही ना, काही कळलं नाही. तुला कळलं असेल तर लिही. माझ्या नावानं नको वाटत असेल तर आईच्या नावानं लिही. मी वाचून घेईन.

तुझा आबा

आंबेखिंड
१७ मार्च १९७४

चि. बाळासो,

तुझं उत्तर नाही. मी वाटही पाहिली नव्हती.

दुसरं कार्ड आलं. ‘बारसं उरकलं. नाव अजून ठेवलेलं नाही.’ हे वाक्य मी तुझ्या आईला तीनदा वाचून दाखवलं. नाव ठेवलं नाही तर बारसं म्हणून केलं काय? पाळण्यात घातलं, बायकांना घुगऱ्या वाटल्या आणि कानात कुर्र करून गप्प बसले? पोराला हाक काय मारतात मग?

तुझी आई म्हणाली, “ठिवतील की. नाव काय पळून जातंय?”

तिचंच वागणं मला बरोबर दिसत नाही. पहिल्या पोराच्या वेळी हिनं ट्रंकभर झबली शिवली होती. कुंचीला जर लावली होती. दुसऱ्याच्या वेळीही टोपडी होती, दुपटी होती. या वेळी एक टाका घातला नाही. उलट घरोघर जाऊन जुनी लुगडी, धोतरांची फडकी मागून आणते आहे. आपल्या घरची बाई, पदर पसरून चिंध्या मागते! काल मी हटकलं.

“ही काय भिकेची लक्षणं?”

“वाकळ शिवायचीया.”

“एवढीशी वाकळ? कुत्र्याच्या पिलाला?”

“व्हय, पिलालाच,” म्हणाली. ती हसली की रडली ते कळलं नाही, पाठ माझ्याकडं होती.

शिवलेलं ते गाठोडं आज घरात नाही. कुणाच्या हाती दिलं, कुठं गेलं, सांगत नाही. बाळासो, या घरात माझ्यापासून काहीतरी लपवलं जात आहे आणि तू त्यात नाहीस असं मला वाटत नाही.

आबा

आंबेखिंड
१२ मे १९७४

चि. बाळासो यास,

आज जे लिहितो ते तुला आवडणार नाही, पण बापाला लिहावंच लागतं.

चैत्रात तुझी आई वाईला बहिणीकडं म्हणून गेली होती. आली ती वेगळीच. जात्यावर बसली की गुणगुणते. मी विचारलं, गणपतीला गेलीस तर प्रसाद कुठाय? तर म्हणे गर्दी होती, दर्शन झालं नाही. बरं. पण तिनं दोरीवर टाकलेल्या लुगड्याला मेंढरांचा वास येत होता. वाईच्या घाटावर भटजी असतात, मेंढरं कुठून आली? मनात ठेवलं.

आता पुढचं ऐक. आपल्या गावचा अर्जुना, जो शेळ्यामेंढ्यांचा व्यापार करतो, तो जतच्या बाजाराला गेला होता. त्याला म्हटलं होतं, आकारामाच्या दारावरनं जा आणि आपलं पोर बघून ये. काल तो आला. पान खात बसला.

म्हटलं, “बघितलंस का?”

“बघितलं म्हनावं का न्हाई, त्येच कळंना आबा.”

“म्हणजे रं?”

“घरात पाळणा न्हाई. शेजारी धनगरांची वस्ती हाय. तितली एक बाई, बयाबाई म्हनून, कडंवर एक पोर घिऊन हुबी. अंगात दहा रंगांच्या चिंध्यांचं झबलं. म्या इच्यारलं, आकारामाचा नातू कुटं हाय? तर म्हनली, त्येला कुटला नातू? ह्यो माझा दगडू.”

“आणि शालू?”

“सूनबाई दारातच हुती की. बयाबाईच्या हातनं त्ये पोर घेतलं, आत गेली आन् पाजून परत तिच्याच कडंवर दिलं. म्या डोळ्यानं बघितलं.”

मग अर्जुना उठला आणि म्हणाला, “लय इच्यार करू नगा. आमच्यात कोकरू मेलं तर मेंढीला दुसरं कोकरू लावत्यात.”

त्यानं सहज म्हटलं असेल. माझ्या काळजात ते सुरीसारखं बसलं. तूच जोडून बघ. साखर आली नाही. नाव नाही. घरात पाळणा नाही. धनगराची बाई म्हणते माझं पोर, आणि आपली सून त्याला पाजते. आपलं पोर राहिलं नाही, बाळासो. तेही गेलं. आणि तुझ्या सासऱ्यानं भीतीपोटी दुसऱ्याचं लेकरू शालूच्या पदराशी लावलं आहे. वर्षभरानं आणून आपल्या ओटीत घालतील आणि म्हणतील, घ्या तुमचा नातू.

हे खोटं असेल तर एका ओळीत तसं लिही.

आबा

आंबेखिंड
२८ जुलै १९७४

चि. बाळासो,

मी जतला जाऊन आलो. तुझ्या आईला सांगितलं की शिराळ्याला नागपंचमीला जातो, आणि शिराळ्याच्या स्टँडवरून उलटी गाडी धरली. सारं जग नाग बघायला आत येत होतं, मी एकटा बाहेर चाललो होतो. इस्लामपूर, सांगली, मिरज, मग जत. मिरजेच्या पुढं हिरवं काही दिसलंच नाही.

आकाराम दारातच होता. मला बघून त्याचा चेहरा असा झाला, जणू दारात फौजदार आला आहे. पाणी दिलं, चहा दिला, शेंगा पुढं केल्या. मी आढ्याकडं बघत होतो. पाळण्याची कडी होती, पाळणा नव्हता.

“पावणं, पोर कुठाय?”

“हाय की.”

“कुठं हाय?”

“बयाबाईकडं.”

“माझं पोर तिच्याकडं का म्हणून?”

आकाराम शेंगा सोलत राहिला. सोललेल्या शेंगा माझ्यापुढं सारायचा आणि दुसरी घ्यायचा. तेवढ्यात भिंतीपलीकडं लहान मूल हसलं. मी उठलो. आकारामानं माझा हात धरला, मी झटकला आणि मागच्या दारानं गेलो.

लिंबाखाली बाजेवर ती बाई बसली होती. उंच, हाडापेरानं मजबूत, हातात चांदीची कडी. मला बघताक्षणी तिनं मांडीवरच्या पोरावर पदर ओढला.

“कोन तुमी? हिकडं का आलाय?”

“मी त्याचा आजा.”

“यप्पा! त्येला आजा न्हाई. माझं पोर हाय ह्ये. दगडू म्हंत्यात.”

“तोंड तरी बघू दे.”

“काय बघायचंय? काळं हाय. नकटं हाय. रातध्याड शेंबूड गळतुया. जावा मागं.”

पदराबाहेर एक पाय राहिला होता. तळव्याला काजळाचा ठिपका, घोट्यात काळा दोरा. तो पाय तुझ्यासारखा होता का? मला वाटलं होता. मग वाटलं, लहान पोरांचे पाय सगळे सारखेच. बघायला म्हणून वाकलो तर तिनं तोही झाकला.

मी फार बोललो. चौकीत जातो म्हणालो, पंच आणतो म्हणालो. शेजारपाजारची माणसं जमली आणि कानडीत काहीबाही बोलू लागली. आकारामानं सगळ्यांसमोर हात जोडले. “आबा, वरीस हू द्या. पाया पडतो तुमच्या, वरीस हू द्या.” वर्ष कशाला हवं? खोटं पक्कं व्हायला?

संतापानं निघालो तो छत्री विसरलो. स्टँडच्या वाटेवर मागून पळत कोण आलं, तर शालू. तोंडावर पदर. छत्री माझ्या हातात दिली, वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाली, “आबा, पालथा पडतोय आता.” आणि वळून पळाली.

बाळासो, परक्याच्या पोराचं कुणी असं सांगेल का? की मला फसवायला तेवढंच सांगायला तिला पाठवलं होतं? सांगलीपर्यंत मी एक मानत होतो, सांगलीच्या पुढं दुसरं.

घरी आलो तर तुझी आई विचारते, “नाग बघितला का?” म्हटलं, बघितला.

आबा

आंबेखिंड
२४ नोव्हेंबर १९७४

बाळासो यास,

आशीर्वाद लिहिला नाही. आधी वाच.

तुला आठवत असेल, दिवाळी झाली की पूर्वेकडचे धनगर आपल्याकडं मेंढरं घेऊन उतरतात आणि खतासाठी आपण त्यांना रानात बसवतो. यंदा भुईमूग निघालेल्या खालच्या रानात बसवायला बिराप्पा नावाच्या धनगराशी बोलणं झालं. परवा मेंढरं आली. मी बांधावर गेलो, तर घोड्यावरनं बिऱ्हाड उतरवत होती ती बयाबाई. बिराप्पा तिचा नवरा.

माझे पायच थांबले. ती मात्र घोड्याच्या पाठीवरचं खाटलं सोडत राहिली.

“रान कुणाचं हाय म्हायती हुतं का तुला?”

“म्हायती हुतं. म्हनून तर आलो. म्हटलं, मानूस कसा हाय बघावं.”

“माझा नातू कुठं टाकून आलीस?”

“माझं पोर म्हना. दाईपाशी हाय.”

“कसली दाई?”

“शालू. वर्साची दाई ठिवलीया म्या तिला.” आणि मोठ्यानं हसली. मग माझ्या तोंडाकडं बघून हसायची थांबली. “बसा आबा. हुबं ऱ्हाऊ नगा. पडशीला.”

मी बांधावर बसलो आणि तिनं सांगितलं. पोर जन्मलं तसं आकारामानं त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. बयाबाई तिथं उभीच होती. तिनं सूप उचललं, शालूच्या पदरात मूठभर जोंधळे टाकले आणि पोर आपलं केलं. आपल्या घरातली दोन गेली, म्हणून हे तिसरं आपलं नव्हेच. टाकलेलं पोर. त्याला नेऊन सटवाईला तरी काय मिळणार? म्हणून अंगात मागून आणलेल्या चिंध्या. म्हणून नाव नाही. वर्ष झालं की घरच्या कर्त्या माणसानं उपरणं पसरून तिच्याकडं पोर मागायचं, मूठभर जोंधळे परत द्यायचे, मग ते आपलं.

मी चिडलो नाही. मला ही रीत नवी आहे का? आपल्या आळीतला केरबा असाच केरात टाकून उचललेला, तो आज नातवंडं खेळवतो. मी म्हटलं, “एवढंच होतं तर मला सांगायचं होतं. मी का मोडता घातला असता? वर्षभर कुणी बघायचं नाही तर मीही बघितलं नसतं.”

ती म्हणाली, “कुनी न्हाई कसं? तुमची म्हातारी आली हुती की चैतात. दोन दिस मांडीवर घिऊन बसली. पार लुगडं भिजवलं तिचं दगडूनं.”

वाई. मेंढरांचा वास. मला आता कळलं.

“मग बंदी एकट्या मलाच का?”

एक कोकरू कुंपणाबाहेर गेलं होतं, तिनं त्याला हाळी देऊन आत घेतलं. मग म्हणाली, “तुमचा जीव लय हाय म्हनून.”

“म्हणजे काय?”

“तुमी कौतिक लय करता, आबा. तोंडावर करता. धा मानसांत करता. दोनी पोरं तुमी हातात घिऊन मिरवली आन् दोनी...” ती थांबली. “परक्याची दीठ मीठ-मिरचीनं निघतीया. मायेची न्हाई निघत.”

“असं कोण म्हणतं?”

“तुमचाच ल्योक. शालूला पोचवाय आला हुता तवा आकारामाला सांगून गेला. म्हनला, आबांची माया बाधतीया. वरीस भरस्तवर आबांना दावू नगा.”

बाळासो, मी सासऱ्यावर संशय घेतला, सुनेवर घेतला, तुझ्या आईच्या लुगड्यावर घेतला. तुझ्यावर घेतला तो एवढाच, की तुला ठाऊक असेल. तूच सांगितलंस असा संशय मला आला नव्हता.

आबा

आंबेखिंड
१५ डिसेंबर १९७४

चिरंजीव बाळासो यास आशीर्वाद.

मागच्या पत्रात लिहिला नाही तो यात लिहिला आहे. दोन्हीचा धर.

पहिल्या पोराला मी चावडीवर नेलं होतं, खरं आहे. तीन महिन्यांचं होतं. दोन्ही हातांवर तोलून म्हटलं होतं, पंचक्रोशीत असा गडी नाही. खरं आहे. पण त्याला डबा झाला होता, छाती भरली होती, इस्लामपूरच्या डॉक्टरानं सांगितलं होतं. दुसऱ्याला तर मी उंबऱ्यातूनच पाहिलं. फक्त म्हणालो, कपाळ बघा, हा मोठा होणार. त्याला कावीळ झाली. माझ्या बोलण्यानं कुणाला कावीळ होते का? तू पलटणीतला, डॉक्टरांच्या सुया घेतलेला माणूस. तू तरी सांग, होते का?

तुला लिहिताना ठाम लिहितो. पण न्हावी दाढीला आला आणि त्यानं आरसा धरला, तर मी डोळे मिटून घेतले. तो म्हणाला, “आबा, झोप लागली व्हय?” म्हटलं, हो.

मग मी एक केलं. हसशील. कपिलीला खोंड झाला आहे, पांढराशुभ्र, कपाळावर चंद्र. गोठ्यात दुसरं कुणी नव्हतं. त्याच्यापुढं उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हटलं, काय देखणं जनावर आहे, असा खोंड उभ्या वारणेकाठी नाही. मनापासून म्हटलं, चाचणीत खोट नको म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यानं आचळाला तोंड लावलं नाही. मागनं पाण्यासारखं. मी गोठ्यातच बसून राहिलो, जेवायला उठलो नाही. तुझी आई आली, खोंडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

“काय केलं तुमी?”

सांगितलं.

तिनं कपाळावर हात मारला. “जनावरावर बघत व्हता? आवं, गाईनं ओला कडबा खाल्ला म्हनून हगवण लागलीया त्याला. तुमच्या तोंडात एवढी ताकद असती तर माझी गुडघेदुखी कवाच थांबली असती की!”

बाळासो, ती हसत होती आणि तिनंच नातू माझ्यापासून लपवला. तिला मी विचारलं, मग तू मानतेस की नाही मानत? म्हणाली, “मी न्हाई मानत. पर पोर तिसरं हाय.”

खोंड सुधारला. आता उड्या मारतो. पण मी गोठ्यात गेलो तर त्याच्याकडं पाठ करून गाईला वैरण टाकतो. मीसुद्धा मानतो की काय, मला कळत नाही.

आता खरं मागणं. फेब्रुवारीत वर्ष भरतं. मेंढरं तोवर आपल्याच शिवारात आहेत, म्हणून आकाराम आणि शालू पोर घेऊन इकडंच येणार आणि बयाबाई इथंच ते परत देणार. मागायचं घरच्या कर्त्यानं. पण घरात कुजबुज चालली आहे की मागायला तुझ्या मामाला बोलवावं. मी तेवढा दिवस शिराळ्याला जावं. पुढं पोर घरात आलं तरी मी ओसरीवर आणि ते माजघरात, असं किती वर्षं?

जो मागतो त्याच्या उपरण्यात पोर पडतं. तू एक शब्द लिहिलास तर हे लोक ऐकतील. लिहिला नाहीस तर मी शिराळ्याला जाईन, भांडणार नाही. मला बाकी काही नको. तू मला पोरं खाणारा म्हातारा समजतोस का, एवढंच मला कळू दे.

आबा

आंबेखिंड
१९ जानेवारी १९७५

चि. बाळासो यास आशीर्वाद.

तुझं कार्ड आलं. तुझ्या आईच्या नावानं. पोस्टमननं दारातच वाचून दाखवलं. ‘मागणं आबांनीच मागावं. मामाला बोलावू नये.’

मी कार्ड घेतलं आणि तुझ्या जुन्या पत्रांशी अक्षर ताडून पाहिलं. ‘म’ची शेपटी तुझीच आहे. तरी अंगणात नेऊन उन्हात पुन्हा पाहिलं. तुझी आई म्हणाली, “आता काय चाटून बघताय?”

मी विचारलं होतं त्याचं उत्तर त्यात नाही, की तेच उत्तर आहे? मी ते उत्तर धरलं आहे. चूक असेल तर कळवू नकोस.

बयाबाईला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, “तुमीच मागा तर. पर त्या दिशी तोंड सांबाळा. वंगाळ बोला. जेवढी माया वाटंल तेवढं वंगाळ बोला. मनात काय त्ये मनात.”

म्हटलं, जमेल. तिनं माझ्याकडं संशयानं पाहिलं.

आबा

आंबेखिंड
२० फेब्रुवारी १९७५

चिरंजीव बाळासो यास आबाचा आशीर्वाद.

हे पत्र वाटेत कुणी फोडून वाचलं तर खुशाल वाचावं. कुणाला हेवा वाटावा असं यात काही नाही.

पोर मिळालं. फारसं सांगण्यासारखं नाही.

सकाळी खालच्या रानात, मेंढरांच्या वाड्यापाशी गेलो. बयाबाईनं पोराला सुपात घालून खताच्या ढिगावर ठेवलं होतं. मी तिच्यापुढं उपरणं पसरलं. गावातली माणसं उसाच्या कडेला उभी होती, अर्जुना होता, मास्तर होता, बघू देत. म्हटलं, “बयाबाई, तुझं पोर मला दे.”

ती म्हणाली, “कशाला पायजे? असल्या पोराचं काय करशीला?”

“मेंढरं राखीन त्याच्याकडनं.”

“मेंढरं पळून जातील त्येला बघून.”

“तसलंच दे.”

मग मी मूठभर जोंधळे तिच्या पदरात टाकले. तिनं सूप उचललं. उचललं, पण लगेच दिलं नाही. पोराच्या केसांवरून हात फिरवला आणि तोंड वळवून उभी राहिली. मला वाटलं, देत नाही आता ही. आकारामालाही तसंच वाटलं असावं, तो पुढं सरकला. मी त्याला हातानं थांबवलं. ती देईल तेव्हा देईल. वर्षभर आई तीच होती. शेवटी तिनं पोर माझ्या उपरण्यात घातलं आणि मला म्हणाली, “लय किरकिर करतंय, सांगून ठिवते.”

आता पोराचं लिहितो. काळं आहे. नाक बसकं. जावळ काढलेलं नाही म्हणून केसांच्या जटा झाल्या आहेत. दात आले आहेत ते वाकडेच असावेत. कपाळाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. माझी मिशी धरली ती सोडेना, असलं द्वाड आहे. कुणाच्या वळणावर गेलं म्हणशील तर आपल्या घरात असलं कुणी नव्हतं. तुझा लहानपणचा फोटो भिंतीवर आहे, तो मी काढून ट्रंकेत ठेवला आहे, कुणी उगाच ताडून बघायला नको.

घरी आणल्यावर शालूनं त्याला ओसरीवर सोडलं. मी जोत्याच्या टोकाला, तोंड फिरवून बसलो होतो, सवयीनं. ते खांबाला धरून उभं राहिलं. मग खांब सोडला. कुणी बोलावलं नव्हतं. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसऱ्याला माझ्या पाठीवर येऊन आदळलं. तुझी आई आत दाराशी तोंडात पदर घालून उभी. शालू माझ्याकडं बघत होती, मी काय बोलतो म्हणून.

मी वळून पाहिलं. नीट पाहिलं, उजेडात. आणि म्हटलं, “काय हे फेंगडं चालणं! ह्याच्यापेक्षा आपला खोंड बरा.”

शालू हसली. वर्षात पहिल्यांदा तिचं हसणं ऐकलं.

नाव दगडूच राहू दे. हाक मारली की बघतं, तेवढं कळतं त्याला. बयाबाई रोज मेंढरं पाणी प्यायला सोडते तेव्हा अंगणात येऊन त्याला दोन शिव्या देऊन जाते. तीही त्याच्या वाटणीची माया असावी. मी रोज चार देतो.

रजा मिळाली तर ये. घाई नाही. पोर काही बघण्यासारखं नाही.

तुझा आबा